धावपट्टीच्या टोकापलीकडचा रस्ता

श्रोतेहो, नमस्कार.

२६ एप्रिल १९९३. तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. दुपारी एकच्या सुमाराला चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला निघालं. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं विमान. आत ११८ माणसं. धावपट्टी संपत आली तरी ते जमीन सोडेना. अखेर सोडली, तेव्हा पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी लादलेला एक ट्रक चालला होता. विमानाची डावीकडची चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला धडकला. रस्त्यापासून जेमतेम सात फुटांवर. विमान तरीही हवेत राहिलं, काही किलोमीटर तसंच रेटत गेलं, मग विजेच्या उच्च दाबाच्या तारांत सापडलं आणि खाली आलं. ५५ जण गेले. ६३ वाचले.

मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत ही गोष्ट अजून निघते, आणि निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ट्रक तिथे आला कसा? त्यात चूक काहीच नाही. पण त्याच्याच जोडीला दुसराही प्रश्न विचारायला हवा. विमान तिथे इतकं खाली कसं?

त्यासाठी टेकऑफ म्हणजे नेमकं काय चालतं ते आधी पाहू. टेकऑफच्या वेळी त्या प्रवासाचं सगळं इंधन विमानात असतं, म्हणजे त्या प्रवासातलं वजन तेव्हा सगळ्यात जास्त असतं. इंजिनं जोरात चाललेली असतात. उंची शून्य, आणि हाताशी वेळ अगदी थोडा. म्हणून सगळा हिशोब निघण्याआधीच मांडून ठेवतात. वजन किती, तापमान किती, वारा कुठून, धावपट्टी किती लांब, यावरून काही वेग ठरतात. त्यातला पहिला व्ही-वन. त्या वेगापर्यंत काही बिघडलं तर टेकऑफ सोडून देता येतो, ब्रेक लावून उरलेल्या धावपट्टीवर थांबता येतं. तो वेग ओलांडला की इंजिन बंद पडलं तरी विमान वर न्यायचंच. दुसरा वैमानिक ‘व्ही-वन’ असं मोठ्याने म्हणतो आणि त्याच क्षणी कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवरून, म्हणजे इंजिनांची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरून, निघतो. मुद्दाम काढायचा असतो तो. हात तिथे राहिला तर भीतीने लिव्हर मागे ओढला जाईल, म्हणून. लगेच पुढे ‘रोटेट’ अशी हाक येते आणि विमानाचं नाक उचलायला सुरुवात होते. तेही एका ठरावीक गतीने, दर सेकंदाला दोन-तीन अंश. घाईने उचललं तर शेपूट घासतं, आळसाने उचललं तर धावपट्टी संपते.

आता एप्रिल संपतानाची मराठवाड्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. हवा तापली की विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोरही कमी पडतो. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर, म्हणजे तिथली हवा मुळातच थोडी पातळ. अशा वेळी धावपट्टीचा फूट न् फूट मोलाचा. चौकशीत निघालेलं संभाव्य कारण असं होतं: वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकीची होती. अहवाल इथेच थांबला असता तर आपणही ‘पायलटची चूक’ म्हणून फाइल मिटवली असती. पण त्याने पुढे दुसरं कारण जोडलं. विमानांच्या वेळात बीड रस्त्यावरची वाहतूक आवरण्यात विमानतळ सांभाळणारी तेव्हाची सरकारी संस्था, नॅशनल एअरपोर्ट्स ऑथॉरिटी, कमी पडली.

माझ्या मते त्या अहवालातला हा भाग सगळ्यात मोलाचा आहे. आगगाडी यायच्या आधी फाटक पडतं, याचं आपल्याला कधी नवल वाटलं नाही. इथे तर ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर धावणारं यंत्र रस्त्याच्या डोक्यावरून जाणार होतं. वैमानिक चुकले, हे खरंच. पण माणूस कधी ना कधी चुकणार हे धरूनच विमानतळ बांधायचा असतो. धावपट्टीच्या टोकाला मोकळी जागा ठेवतात ती याच चुकीसाठी. तिथे ट्रक असेल तर त्या चुकीला माफी उरत नाही.

अशा अपघातांचे अहवाल वाचत गेलं की हा प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो. घटना काही सेकंदांची. तिची मुळं मात्र किती तरी मागे, कधी कधी कॉकपिटच्या बाहेर.

मेलबर्नचं उदाहरण पाहा. २० मार्च २००९ ची रात्र, दुबईला निघालेलं एमिरेट्सचं एअरबस ए-३४०, आत २७५ माणसं. टेकऑफचा हिशोब करताना विमानाचं वजन ३६२ टनांऐवजी २६२ टन टाइप झालं. एकच आकडा, तीनच्या जागी दोन. संगणक बिचारा दिलेल्या आकड्यावर गणित करतो. त्याने शंभर टन हलक्या विमानाला पुरेल एवढीच ताकद आणि तेवढाच वेग काढून दिला. विमान धावतंय, धावतंय, आणि उठत नाही. शेपूट धावपट्टीवर घासलं. कॅप्टनने अखेरच्या क्षणी इंजिनांना पूर्ण ताकद दिली म्हणून ते उठलं, तेही पलीकडच्या अँटेनाला धडक देऊन. सुदैवाने सगळे सुखरूप परतले. शंभर टनांचा फरक वैमानिकाला जाणवत नाही का, असं तुम्ही विचाराल. नाही जाणवत. आज हलकं विमान, उद्या जड, परवा दुसरंच मॉडेल. सीटवर बसून वजन कळायला ती बैलगाडी नव्हे.

आपल्याकडेही ऑक्टोबर २०१८ मध्ये तिरुचिरापल्लीहून दुबईला निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीपलीकडची अँटेना आणि विमानतळाची भिंत घासून वर गेलं आणि शेवटी मुंबईत उतरवलं गेलं. तेही सगळे वाचले, म्हणून ती बातमी आपण चटकन विसरलो.

आता फ्लॅपविषयी. खिडकीजवळ बसलेल्यांनी पाहिलं असेल, विमान धावपट्टीकडे जात असताना पंखांच्या मागच्या कडेचे पत्रे सरकून खाली येतात. त्यांच्यामुळे कमी वेगातही पंखांना पुरेशी उचल मिळते. ते न उघडता निघालं तर विमान धावेल, नाकही वर करेल, पण हवेत टिकणार नाही. १६ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइटमध्ये नॉर्थवेस्ट कंपनीचं एमडी-८२ असंच पडलं. जमिनीवरचे दोघे धरून १५६ बळी गेले, विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. विमान धावपट्टीकडे नेताना करायची चेकलिस्ट वैमानिकांनी केलीच नव्हती. आणि अशा चुकीवर ओरडायला बसवलेल्या यंत्रणेला वीजच पोचत नव्हती, म्हणून तीही गप्प राहिली.

एकवीस वर्षांनी, २० ऑगस्ट २००८ ला, माद्रिदमध्ये स्पॅनएअरचं तसलंच विमान, तीच चूक, तसाच गप्प बसलेला इशारा. १५४ मृत्यू. या अपघातातला एक बारकावा मला सोडवत नाही. विमान आधी एकदा धावपट्टीपर्यंत जाऊन परत आलं होतं. बाहेरचं तापमान मोजणारी एक नळी जमिनीवरच तापत होती. तिचा हीटर खरं तर हवेत गेल्यावरच चालू व्हायचा असतो. मेकॅनिकनी नियमात बसतं तेवढं केलं. हीटरची वीज तोडली आणि विमान सोडलं. पण हीटर जमिनीवर चालूच का झाला? विमानाच्या एखाद्या रिलेला, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचला, आपण आकाशात आहोत असं वाटत असेल तर? त्या मॉडेलमध्ये फ्लॅपचा इशारा देणाऱ्या यंत्रणेलाही तोच रिले लागतो, आणि आकाशात तो इशारा वाजायचा नसतो. दोन्ही बिघाड एकाच रिलेचे होते, हे तपासाला शंभर टक्के सिद्ध करता आलं नाही. पण ताप उतरवला आणि रोग तसाच राहिला, अशी दाट शंका राहते.

बरं, इशारा वाजला की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. ३१ ऑगस्ट १९९९ ला ब्यूनोस आयर्समध्ये लापा कंपनीच्या बोइंग ७३७ मध्ये भोंगा वाजत होता. कॉकपिटमध्ये निघण्याआधी खासगी गप्पा रंगल्या होत्या, चेकलिस्टमधला फ्लॅप राहून गेला. भोंगा वाजतोय आणि विमान धावतंच आहे, असं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. ६५ जण गेले. दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही, हा अमेरिकेतला नियम १९८१ चा. म्हणजे हे शहाणपण तेव्हाही माहीत होतं, ते फक्त पाळायचं होतं.

मुंबईकरांना १ जानेवारी १९७८ ची रात्र माहीत असेल, निदान घरच्या मोठ्यांकडून ऐकलेली असेल. एअर इंडियाचं पहिलं जम्बो जेट, ‘एम्परर अशोका’, सांताक्रूझहून दुबईला निघालं. २१३ माणसं. विमान पश्चिमेला, समुद्रावर गेलं. जुहूच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहून समुद्राकडे पाहिलंत तर कळेल, पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते दिसत नाही. वैमानिकालाही दिसत नाही. अशा वेळी विमान सरळ आहे की कललंय हे फक्त समोरचं उपकरण सांगतं. कॅप्टनच्या पुढ्यातलं नेमकं तेच उपकरण बिघडलं. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेलं दाखवू लागलं. कॅप्टनने डावीकडे वळवलं, आणखी डावीकडे वळवलं. सहवैमानिकासमोर त्याचं वेगळं उपकरण होतं, शिवाय तिसरं राखीवही होतं. तिन्हींचा ताळा करायला काही सेकंद पुरले असते. पण तेवढ्यात एकमेकांना नीट कळेल असं बोलणं झालं नाही. उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी विमान वांद्र्याच्या समोर समुद्रात पडलं. कुणीही वाचलं नाही. आपले कान आणि आपला तोल अंधारात आपल्याशी खोटं बोलतात, आणि अनुभवी माणसाशी तर फार आत्मविश्वासाने बोलतात.

इथे अहमदाबादचा विषय टाळता येणार नाही. १२ जून २०२५. लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ड्रीमलायनर, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर निकाल लागून गेले होते. कुणी म्हणालं फ्लॅप उघडले नव्हते, कुणी म्हणालं चाकांऐवजी फ्लॅपच मिटले. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. फ्लॅपचा लिव्हर टेकऑफसाठी हवा तिथेच सापडला होता. अहवालात निघालं ते वेगळंच: जमीन सोडल्यावर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, आणि सुमारे दहा ते चौदा सेकंदांत एकापाठोपाठ पुन्हा चालू स्थितीत आले. एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारलं, इंधन का तोडलंस? दुसरा म्हणाला, मी नाही तोडलं. ते स्विच का हलले, याचं कारण त्या अहवालाने दिलेलं नाही, आणि म्हणून मीही इथे कुणावर बोट ठेवणार नाही. त्या दोन वैमानिकांनाही घरदार होतं.

आता थोडं तुमच्या-माझ्या कामाचं. टेकऑफच्या आधी एअर होस्टेस खिडकीची झडप वर करायला लावते, सीट सरळ करायला लावते, रात्र असेल तर आतले दिवे मंद होतात. आपण कुरकुर करतो. यामागे काय आहे ते मँचेस्टरमध्ये दिसतं. २२ ऑगस्ट १९८५ ला तिथे १३७ जणांचं बोइंग ७३७ टेकऑफसाठी धावत असताना डावं इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्याने पंखातली इंधनटाकी फोडली. टायर फुटला असावा असं वाटून कॅप्टनने टेकऑफ सोडला, विमान धावपट्टीवरून बाजूला वळवलं आणि व्यवस्थित थांबवलं. वारा हलकाच होता, पण वळल्यावर तो ज्वाला थेट विमानाच्या अंगावर लोटू लागला. विमान जमिनीवर, थांबलेलं, अग्निशमन दल विमानतळावरच, आणि तरी ५५ जण गेले, बहुतेक धुराने. आज विमानात जमिनीलगत दिव्यांची रांग असते, सीटची कापडं चटकन पेटत नाहीत, पंखावरच्या दारापाशी जास्त जागा सोडलेली असते, त्यातलं पुष्कळसं या अपघातानंतर आलं.

झडप वर असली की आग कुठल्या बाजूला आहे ते उठण्याआधी दिसतं. दिवे मंद असले की डोळे अंधाराला सरावलेले असतात. एक काम मात्र कुणी तुमच्यासाठी करत नाही. सीटवर बसलात की पुढचं आणि मागचं दार किती ओळींवर आहे ते मोजून ठेवा. धुरात दिसत नाही, सीटच्या पाठींवर हात ठेवत मोजत जावं लागतं. आणि वरच्या कप्प्यातली बॅग तिथेच राहू द्या.

नमस्कार.