दोन प्रेतांपुरते रॉकेल

मित्रहो, ‘रेसिडेंट इव्हिल’ या भीतिदायक जपानी व्हिडिओ गेममालिकेचे चार चाहते एकत्र जमले की भांडण कोठून सुरू होणार हे आधीच सांगता येते. एक गट म्हणतो, २००५ च्या चौथ्या भागाने मालिका तारली. दुसरा म्हणतो, त्यानेच ती बुडवली. ‘भीती की मारधाड’ या मथळ्याखाली हा वाद इतकी वर्षे चालू आहे आणि मला तो मथळाच फसवा वाटतो. माझ्या मते हा वाद हिशेबाचा आहे. जवळ काय उरले आहे आणि ते आत्ता खर्च केले तर पुढच्या खोलीत काय करायचे, हा प्रश्न जो भाग खेळाडूला सतत विचारत राहतो तो चाहत्यांच्या मनात टिकतो. जो विचारत नाही तो कितीही खपला तरी निराशाच पदरी टाकतो.

ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने मार्च १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर पहिला भाग आणला. दिग्दर्शक होते शिंजी मिकामी, आणि जपानात गेमचे नाव ‘बायोहॅझर्ड’. त्यातल्या वाड्यात शिरणाऱ्या दोन पात्रांपैकी ख्रिसजवळ सामानाचे सहा कप्पे, जिलजवळ आठ. चावी, पिस्तूल, औषधी पाला, गोळ्या, प्रत्येकाला आपापला कप्पा हवा. खेळ सेव्ह करायचा तर टाइपरायटर गाठायचा आणि दर वेळी शाईची एक रिबीन खर्ची घालायची. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना विटत चाललेली रिबीन आठवत असेल. येथे मात्र ती संपली की तासाभराची मेहनत पणाला लागते. त्या काळातले अवघडलेले नियंत्रण आणि जागचे न हलणारे कॅमेरे यांचे जुने चाहते जे गोडवे गातात, त्यात निम्मा भाग स्मरणरंजनाचा आहे, हे मी मान्य करतो. पण उरलेला निम्मा खरा आहे, कारण कोपऱ्यापलीकडचा झोंबी, म्हणजे चालते प्रेत, दिसण्याआधी ऐकू येतो आणि गोळी अंदाजाने झाडावी लागते.

हा हिशेब सर्वांत निर्दयपणे मांडला तो पहिल्या भागाच्या २००२ च्या रीमेकने, म्हणजे नव्याने घडवलेल्या आवृत्तीने. त्यात झोंबी कोसळला म्हणजे प्रकरण मिटले असे होत नाही. त्याचे डोके उडाले नसेल आणि प्रेतही जाळले नसेल, तर काही वेळाने तोच लालभडक होऊन, नखे परजत, धावत अंगावर येतो. जाळायला रॉकेल लागते. ते भरून घ्यायच्या डब्यात दोनच प्रेतांपुरते मावते, आणि हा डबाही एक कप्पा अडवून बसतो. रेशनच्या दुकानापुढे कॅन घेऊन ताटकळलेल्या माणसाला ही परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही. जेवणघराशेजारच्या बोळातून पुन्हा पुन्हा जायचे आहे, तेव्हा ते प्रेत जाळावे. माडीवरच्या खोलीत काम उरलेले नाही, तेव्हा ते राहू द्यावे. काही वेळा तर मुळात मारूच नये, बगल देऊन निसटावे, असे वाटू लागते. शत्रूला मारणे हाच जेथे तोट्याचा व्यवहार ठरतो, तेथे खेळाडू खऱ्या अर्थाने घाबरलेला असतो.

आता चौथा भाग. कॅमेरा नायक लिऑनच्या खांद्यामागे आला, कप्प्यांच्या जागी चौकटी आखलेली पेटी आली, आणि ओसाड गावात हत्यारे विकणारा फेरीवालाही भेटू लागला. काटकसरीचा हिशेब जाऊन व्यापाराचा आला, पण हिशेब राहिला. शिवाय नेम धरताना लिऑनला पाऊल उचलता येत नाही. चालायचे की झाडायचे, याची निवड प्रत्येक क्षणी करावी लागते. म्हणून मी या वादात चौथ्या भागाच्या बाजूचा आहे. बिघडले ते पुढे. २००९ च्या पाचव्या भागात संगणकाने चालवलेली जोडीदारीण शेवा किरकोळ जखमेवर आपले औषध उधळते, आणि २०१२ च्या सहाव्यात इतकी कथानके, इतके स्फोट आणि इतक्या लाथा आहेत की गोळी वाया गेल्याची हळहळच वाटत नाही.

चाहत्यांची निराशा किती नेमकी असू शकते, हे दुसऱ्या भागाच्या दोन रूपांची तुलना केली की कळते. १९९८ च्या मूळ खेळात लिऑन आणि क्लेअर या दोन पात्रांची कथा दोन डिस्कवर होती. एकाची पुरी करून दुसऱ्याची खेळायची. पोलीस ठाण्याच्या एका कोठारात मशीनगन आणि जादा सामान मावणारी एक पिशवी ठेवलेली असे. पहिल्या पात्राने ती उचलली, तर दुसरे पात्र तेथे पोहोचते तेव्हा जागा रिकामी! आपल्याच हावरटपणाचे बिल आपल्याच नावावर फाटायचे. २०१९ च्या रीमेकमध्ये काय नाही? पाठलाग करणाऱ्या मिस्टर एक्स या राक्षसाच्या बुटांचा आवाज छतातून ऐकू येतो, आणि फळ्या मोजक्याच असल्याने कोणती खिडकी ठोकून बंद करायची याचा विचार करावा लागतो. मात्र ती कोठारातली देवाणघेवाण गेली, आणि दोन्ही पात्रे जवळपास त्याच ठिकाणी त्याच बर्किन नावाच्या राक्षसाशी लढतात. रीमेक उत्तम आहे असे म्हणणारे आणि फसवणूक झाली असे म्हणणारे, दोघेही येथे खरेच बोलतात. २०२० मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाच्या रीमेकबद्दल फारसा वाद नाही. घड्याळाच्या मनोऱ्याचा अख्खा टप्पा गाळल्यावर कोण कोणाची बाजू घेणार?

माझ्या मांडणीला एक जागा मात्र अजिबात जुमानत नाही. २०२१ च्या ‘व्हिलेज’ या भागातले बेनेव्हिएंतोचे घर. तेथे तुमची सगळी हत्यारे काढून घेतली जातात, मोजायला काहीच उरत नाही, आणि तळघराच्या अंधारात एक अवाढव्य अर्भक रडत-हसत मागे सरपटत येते. तो साऱ्या भागातला सर्वांत भीतिदायक प्रसंग आहे, असे अनेक चाहते सांगतात आणि मला ते नाकारता येत नाही. एवढेच सांगतो की, त्या घरातून सुटून हत्यारे परत हाती आल्यावर मी दाराबाहेर थांबलो आणि सर्वांत आधी गोळ्या मोजल्या.