तण स्वतःच्याच हाताने कसं मरतं?

तर मंडळी, तणनाशकांवरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "फवारा सगळ्यांवर पडतो, मग पीक कोणतं आणि तण कोणतं हे तणनाशकाला कळतं कसं?"

कळत नाही हो! तणनाशक काही ओळखत नाही. "तण ओळखणारं औषध" हा शब्दप्रयोग ऐकला की माझं डोकं उठतं.

पण आधी माझी चूक. त्या व्हिडिओत मी ठोकून दिलं होतं, की बाहेरचं रसायन आत आलं की वनस्पतीची एन्झाइम्स ते मोडून निकामी करतात. एका ताईंनी खाली फक्त एक शब्द लिहिला, "नेहमीच?" दोन दिवस तो शब्द डोक्यात भुणभुणत होता. कारण नेहमीच नाही. काही वेळा तीच एन्झाइम्स साध्या रसायनाचं जालीम विष करून ठेवतात.

मूळ गोष्टी पटकन उरकतो. एन्झाइम म्हणजे पेशीतली कामं करणारी प्रथिनं. परकं रसायन आलं की आधी त्यात थोडा बदल, मग त्याला साखर नाहीतर ग्लुटाथायोन (पेशीतलाच एक छोटा रेणू) चिकटवायचं, मग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, नेऊन टाकायचं. झालं. गडबड होते ती पहिल्या पायरीवर, त्या "थोड्या बदलात".

उदाहरण घ्या, २,४-डीबी हे तणनाशक. (बोटं वर करून) याच्या रेणूच्या शेपटीत चार कार्बन. पेशीत पेरॉक्सिझोम नावाची छोटी पिशवी असते. बी रुजताना तिथे तेलातली मेदाम्लं दोन-दोन कार्बनांनी कापली जातात. २,४-डीबी तिथे गेलं की त्याचेही दोन कार्बन कापले जातात. चारातून दोन गेले, उरलं काय? २,४-डी! रोपाची वाढ चालवणाऱ्या ऑक्सिन संप्रेरकाची नक्कल करणारं तणनाशक. रोप वेडंवाकडं वाढतं आणि मरतं.

आता शेपटीत तीनच कार्बन ठेवा. दोन कापले की राहिलेला तुकडा टिकत नाही, हाती येतं नुसतं फिनॉल, त्याने तणाचं काही बिघडत नाही. पाच ठेवले तरी तेच. सहा ठेवले की पुन्हा विष! सम आकडा असेल तर मरण, विषम असेल तर सुटका. इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकात आर. एल. वेन या रसायनशास्त्रज्ञाने हा हिशेब मांडला. मला तर ही रसायनशास्त्रातली सगळ्यात देखणी गंमत वाटते. लसूणघासात ही कापाकापी फार मंद चालते, म्हणून २,४-डीबी मारूनही ती तगते. ओळखीचा काही संबंध नाही, कात्रीचा वेग वेगळा, एवढंच.

नाही पटलं? उलटीकडून बघू. ट्रायअलेट नावाचं तणनाशक आहे. रानटी ओट या तणाच्या पेशीत त्याला ऑक्सिजन जोडला जातो, तेव्हा कुठे ते विषारी होतं. काही रानटी ओटांना ते मारेनासं झालं. आपण काय म्हणणार? "त्यांनी विष मोडायला शिकलं." अहो, तसं नाही! त्यांचं हे जोडकामच मंदावलं होतं. आळशी एन्झाइम, म्हणून जिवंत.

तरीही नाही? मग तिसरा दाखला, क्लोमाझोन हे तणनाशक. सायटोक्रोम पी-४५० गटातली एन्झाइम्स त्याचं कीटो-रूप, म्हणजे खरं विष, बनवतात आणि त्याने पानं पांढरी पडतात. कापसात बियांसोबत फोरेट हे कीटकनाशक दिलं, की ते याच एन्झाइम्सना अडवतं आणि कापूस वाचतो. एन्झाइम बंद पाडलं म्हणून झाड वाचलं! (कॅमेऱ्याकडे बोट) हे ऐकून घरी मिश्रणाचे प्रयोग करू नका. फोरेट माणसाला अत्यंत विषारी आहे. आणि "पानात गेल्यावर विष होतं" याचा अर्थ बाटलीतलं निरुपद्रवी, असा तर मुळीच काढू नका.

आता एका दादांचा प्रश्न, जरा रागातच विचारलाय: "मग सरळ तयार विषच का नाही मारत?" प्रश्न चांगला आहे, दादा, राग सोडा. डायक्लोफॉप-मिथाइल हे तणनाशक घ्या. हे एस्टर आहे, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेलं संयुग, पानावरच्या मेणातून सहज आत शिरतं. आत एस्टरेज एन्झाइम त्याचं आम्ल करतं आणि खरा मारा ते आम्ल करतं, मेदाम्लं बनवणारं एन्झाइम अडवून. तयार आम्ल वरून मारलं तर मेणातून जाताना त्याची दमछाक होते. म्हणजे एस्टर हा फक्त आत शिरायचा वेश.

इथे मात्र गंमत फिरते. हे आम्ल गव्हातही बनतं आणि रानटी ओटातही. पण गहू त्यावर लगेच पुढची प्रक्रिया करून साखर चिकटवतो आणि बाजूला सारतो. म्हणजे कधी विष बनण्याचा वेग पिकाला वाचवतो, कधी बनलेलं विष आवरण्याचा.

"वनस्पती एवढी मूर्ख कशी?" असंही एकाने लिहिलंय. मूर्ख नाही हो, एन्झाइम समोर आलेल्या रेणूचा आकार बघतं, हेतू नाही. जवाला सोडियम अझाइड हे रसायन दिलं, की सिस्टीन हे अमिनो आम्ल बनवणारं एन्झाइम गंधकाच्या जागी अझाइडच उचलतं. त्यातून बनतं अझिडोअलॅनिन, जनुकांत बदल घडवणारं. पिकांच्या नव्या जाती काढणारे पैदासकार मुद्दाम बियाणं अझाइडमध्ये भिजवतात ते यासाठीच. त्या बियांतून पुढे काय काय उगवतं, ते पुढच्या व्हिडिओत.