काचेचा तंतू कुठे वळतो: रेडिएटरच्या नायलॉन टाकीचं मोल्डिंग

[दृश्य: मोटारीचं बॉनेट उघडतं. रेडिएटर जवळून.]

मधली जाळी ॲल्युमिनियमची आहे. तिच्या दोन्ही टोकांना बसवलेल्या या काळ्या, लांबट टाक्या मात्र प्लास्टिकच्या. आतून शंभर अंशांच्या आसपास तापलेलं कूलंट फिरतं, वर साधारण एक बारचा दाब. टाकीचा पाया रबरी गॅस्केटवर टेकवतात आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीचे दाते त्यावर वाकवून आवळतात. ना वेल्डिंग, ना बोल्ट. त्यामुळे पाया वाकडा असला की गॅस्केट एका जागी दबतं, दुसऱ्या जागी सैल राहतं, आणि तिथून कूलंट पाझरायला लागतं.

साधं नायलॉन ६६ इथे टिकत नाही. १.८ मेगापास्कलच्या भाराखाली ते ७०-७५ अंशांनाच झुकतं. त्यात वजनाने ३० टक्के काचेचे तंतू घातले की तीच मर्यादा २५० अंशांच्या घरात जाते. कोरड्या अवस्थेतली ताणशक्तीही ८० मेगापास्कलवरून १८०-१९० पर्यंत चढते.

[दृश्य: तळहातावर काळे दाणे.]

नायलॉन आणि काचेच्या या दाण्यांच्या २५ किलोच्या गोणीत साडेसात किलो काच आहे. एकेक तंतू साधारण १० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी बारीक. नायलॉनने काचेला घट्ट धरावं म्हणून तंतूंवर सिलेनचा लेप दिलेला असतो. भार नायलॉनकडून तंतूकडे जातो तो या पकडीतून. तंतू फार आखूड झाला तर पकडायला लांबीच उरत नाही आणि ओढ बसली की तो सरळ उपसून येतो. पार्ट किती ताकदीचा होणार हे म्हणूनच दोन गोष्टींवर ठरतं: तंतू किती लांब उरला आणि कोणत्या दिशेला पडला.

पण त्याआधी पाणी.

नायलॉन हवेतला ओलावा ओढून घेतं. दाणे वितळवून साच्यात दाबाने भरणाऱ्या मोल्डिंग मशीनमध्ये जाताना दाण्यात ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, म्हणजे अख्ख्या गोणीत फार तर ५० ग्रॅम पाणी. भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये जुलैत उघडी राहिलेली गोणी ही मर्यादा सहज ओलांडते. मग बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या तापलेल्या नळीत, वाफ होते, नोझलमधून, म्हणजे तिच्या पुढच्या तोंडातून, मटेरियल गळतं, पार्टवर चंदेरी रेघा उठतात. रेघा निदान दिसतात तरी. वितळलेल्या नायलॉनच्या साखळ्या त्या पाण्याने तुटतात ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि पार्ट ठिसूळ निघतो.

८० अंशांवर चार तास वाळवावं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण साधा हॉट एअर ड्रायर बाहेरचीच हवा आत घेतो. पावसाळ्यात ती हवाच ओली असते, त्यामुळे तास वाढवले तरी दाणा पुरेसा वाळत नाही. इथे डेसिकंट ड्रायरच, म्हणजे हवेतला ओलावा आधी शोषून घेणारा ड्रायरच हवा, ज्याच्या हवेचा दवबिंदू उणे ३० ते उणे ४० अंश आहे. नायलॉनचं काम घेणाऱ्या शॉपने नव्या मशीनआधी हा ड्रायर घ्यावा, असं आम्ही ठामपणे सांगू. वाळवण्याची घाई म्हणून तापमान वाढवू नये. नायलॉन हवेत तापून पिवळं पडतं. काळ्या मटेरियलमध्ये तो पिवळेपणा कळतही नाही.

[दृश्य: बॅरलचा छेद. स्क्रू फिरतो आहे.]

तंतू सर्वांत जास्त तुटतात ते इथे, दाणा अर्धवट वितळलेला असताना. एक टोक घट्ट दाण्यात अडकलेलं, दुसरं पातळ मटेरियलमध्ये ओढलं जातंय, अशा वेळी काच मोडणारच. म्हणून बॅरलचा मागचा झोन, जिथून दाणा आत येतो, फार थंड ठेवत नाहीत, दाणा लवकर मऊ होऊ देतात. स्क्रूचा वेग बेताचा, आणि बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरकताना त्याला दिलेला उलटा दाब) शॉटचं, म्हणजे एका वेळी भरायच्या मालाचं, वजन स्थिर राहील इतकंच. रंग नीट मिसळत नाही म्हणून बॅक प्रेशर वाढवणारे ऑपरेटर असतात. रंग मिसळतो खरा, पण त्याची किंमत तंतू देतात. अरुंद नोझल आणि बारीक गेटमध्येही (मटेरियल साच्यात शिरतं ते तोंड) हीच मोडतोड होते. रनर, म्हणजे गेटपर्यंतच्या वाटेत थिजलेला माल, दळून परत वापरला तर तुटलेला तंतू पुन्हा तुटतो. दाब झेलणाऱ्या भागांत असा दळलेला माल अनेक ग्राहक चालवूनच घेत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

मेल्ट (वितळलेलं मटेरियल) २८० ते ३०० अंश, मोल्ड (साचा) ८० ते १०० अंश. मोल्ड थंड असेल किंवा भरण्याचा वेग कमी असेल तर नायलॉन लवकर थिजतं आणि काच पृष्ठभागावर येते. पार्ट खरखरीत, करडा दिसतो.

[दृश्य: मोल्ड भरत जाताना, ॲनिमेशन.]

आता दिशा. ओढ्यात काडी टाकून बघा. काठाजवळ पाणी हळू, मध्ये वेगात. या फरकात सापडलेली काडी वळून प्रवाहाच्या दिशेने लांब होते. टाकीच्या तीन मिलिमीटर जाड भिंतीतही दोन्ही पृष्ठभागांजवळचे तंतू प्रवाहाच्या दिशेने झोपतात. मधोमध वेगाचा फरक जवळजवळ नसतो. गेटमधून आत येताना मटेरियल आडवं पसरतं आणि मधल्या थरातले तंतू तसेच आडवे राहतात.

तंतू ज्या दिशेने पडलेत त्या दिशेने ते पार्टला आकसू देत नाहीत. प्रवाहाच्या दिशेने आकुंचन साधारण ०.४ टक्के, आडव्या दिशेने १ टक्क्याच्या जवळपास. ४०० मिलिमीटर लांबीवर हिशेब करा: पहिल्या दराने १.६ मिलिमीटर, दुसऱ्या दराने ४. एकाच टाकीत गेटजवळ तंतू एका दिशेला आणि टोकाला दुसऱ्या दिशेला असतील तर पार्ट पिळवटणारच. होल्डिंग, म्हणजे साचा भरल्यावर टिकवलेला दाब, वाढवून, कूलिंग लांबवून थोडा बाक निघतो, सगळा नाही. तो गेटच्या जागेवरून ठरलेला असतो. म्हणून मोल्डचं स्टील कापण्याआधी फ्लो सिम्युलेशन करतात, आणि गरज पडली तर कॅव्हिटीलाच, म्हणजे साच्यातल्या पोकळीलाच, उलटा बाक देतात, म्हणजे पार्ट आकसून सरळ होतो.

पाइपच्या तोंडाशी वेगळीच अडचण. मटेरियल कोअरला, म्हणजे पाइपची पोकळी घडवणाऱ्या दांड्याला, वळसा घालून पलीकडे पुन्हा भेटतं. दोन्ही बाजूंचे तंतू त्या सांध्याला समांतर पडतात, सांधा ओलांडून कुणीच जात नाही. तिथली ताकद निम्म्यावर येऊ शकते. मेल्ट तापवून नायलॉन जुळतं, काच जुळत नाही. गेट हलवून वेल्ड लाइन, म्हणजे हाच सांधा, कमी भाराच्या जागी न्यायची, किंवा सांध्यापलीकडे ओव्हरफ्लोचा खड्डा देऊन मटेरियल त्यातून पुढे ढकलायचं. तिथले एअर व्हेंट, म्हणजे हवा निसटण्याच्या फटी, ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर खोल असतात. ते तुंबले की अडकलेली हवा दाबाने तापते आणि कोपरा जळतो.

काच स्टीलही खाते. साधा नायट्राइड केलेला (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेला) स्क्रू आणि त्याच्या टोकाची, मटेरियल मागे जाऊ न देणारी चेक रिंग झिजली की होल्डिंगमध्ये मटेरियल मागे सरकतं. स्क्रूच्या पुढे शिल्लक राहणारं सहा मिलिमीटर मटेरियल, म्हणजे कुशन, शॉटागणिक कमी-जास्त होऊ लागलं की सेटिंगशी खेळत न बसता चेक रिंग काढून बघावी.

[दृश्य: प्रयोगशाळा. चिमट्यात काळा तुकडा.]

टाकीच्या पायाचा पाच ग्रॅमचा तुकडा. मुशीत घालून ६०० अंशांच्या मफल फर्नेसमध्ये, म्हणजे बंद भट्टीत, ठेवला आहे. नायलॉन जळून जातं, काळा रंगही जातो. उरतो तो त्याच तुकड्याच्या आकाराचा पांढराशुभ्र, कापसासारखा सांगाडा, फुंकर मारली तर विस्कटेल इतका हलका. वजन दीड ग्रॅम भरायला हवं. सव्वा भरलं तर काच २५ टक्केच आहे, चूक मटेरियलमध्येच आहे. वजन बरोबर आणि टाकी तरी फुटतेय, तर सांगाड्यातली चिमूटभर काच पाण्याच्या थेंबात सोडून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. तंतूंचा नुसता भुगा दिसला, तर आधी बॅक प्रेशर बघा, मग मागच्या झोनचं तापमान, आणि शेवटी ग्राइंडरजवळ ठेवलेली, दळलेल्या मालाची गोणी.