‘ॲक्सेप्ट’ दाबण्याआधी

(डोंबिवलीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मला बोलावलंत ते ‘विमानप्रवासाची तयारी’ या विषयावर. पण बॅग किती किलोची, लोणचं हातातल्या पिशवीत चालतं का, व्हीलचेअर कशी मागायची, हे तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मुलांकडे चार-चार वाऱ्या झाल्यात तुमच्या. म्हणून मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. तिकीट काढून झालं, पैसे गेले, आणि मग दोन-तीन महिन्यांनी कंपनी वेळ बदलते, तेव्हा काय करायचं? २७ वर्षं तिकिटं काढतेय मी. माझ्या दुकानात जी काही रडारड झाली, ती बरीचशी याच पायी.

आधी एक गणित घालते. तिकिटावर लिहिलंय, १५ तारीख, वेळ ००.३५. घरातून कधी निघणार? (सभेतून: ‘पंधराला रात्री!’ ‘नाही हो, चौदाला!’) बघा, पहिल्याच गणिताला दोन पक्ष पडले. निघायचं चौदाच्या संध्याकाळी. मुंबईहून युरोपकडे जाणारी पुष्कळ विमानं अशीच मध्यरात्र उलटल्यावर सुटतात, त्यामुळे हा घोळ आपल्या पाचवीलाच पुजलेला.

माझ्याकडचं एक जोडपं होतं. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेलं. त्यांना हे गणित नीट येत होतं, चौदाच्या रात्रीची टॅक्सीसुद्धा सांगून ठेवली होती. निघायच्या महिनाभर आधी ई-मेल आली की वेळ बदलली, आता २३.५०. पाऊण तास अलीकडे, एवढंच. काकांनी फोनवर वाचलं, खाली निळं बटण होतं ‘ॲक्सेप्ट’, ते दाबलं. डोक्यात पंधरा तारीख पक्की बसलेली, म्हणून त्यांनी हिशेब केला की विमान पंधराला रात्री ११.५० ला. म्हणजे उलट एक दिवस जास्तीचा मिळाला! काकू खूश. म्हणाल्या, बरं झालं, डिंकाचे लाडू घाईघाईत वळावे लागणार नाहीत. चौदाच्या रात्री, विमान सुटत होतं तेव्हा, त्या डोंबिवलीत लाडू वळत होत्या. ई-मेलमध्ये तारीख चौदा झालेली होती, अगदी बारीक अक्षरात, डाव्या कोपऱ्यात. पंधराला संध्याकाळी विमानतळाच्या दारातल्या जवानाने तिकीट बघितलं आणि म्हणाला, हे तर कालचं आहे.

चूक कोणाची? कायद्याने काकांची. पण मला तेव्हापासून ‘फ्लाईट पाऊण तास अलीकडे आली’ हे वाक्य ऐकलं की धडकी भरते. मोठा बदल झाला की माणूस खडबडून जागा होतो, चार जणांना फोन करतो. छोट्या बदलाला मान डोलावतो आणि तिथेच फसतो.

आता, कंपन्या वेळा बदलतात तरी का? लोकांना वाटतं मुद्दाम छळतात. तसं नसतं, निदान दरवेळी नसतं. विक्री सुरू होते साधारण अकरा महिने आधी. पण विमानांचं वेळापत्रक वर्षात दोनदा ठरतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. गजबजलेल्या विमानतळावर कोणाला किती वाजताची जागा, ज्याला आम्ही स्लॉट म्हणतो, हे त्या-त्या मोसमासाठी नव्याने ठरतं. म्हणजे तुम्ही लवकर काढलेलं तिकीट हे कंपनीच्या अंदाजावर काढलेलं तिकीट असतं. लग्नाचा हॉल मिळायच्या आधी पत्रिका छापल्यासारखं.

त्यात घड्याळांची गंमत. आपण भारतात घड्याळ हलवत नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी तास पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे तिन्हीकडचे हिशेब वेगळे. त्या काळात युरोपमार्गे जाणाऱ्याने आपलं कनेक्शन, म्हणजे मध्ये विमान बदलायला मिळणारा वेळ, पुन्हा एकदा मोजावं.

शिवाय आपल्या मातीतली कारणं आहेतच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीला दोन्ही एकदम बंद ठेवाव्या लागतात. १७ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या. पुण्याचं लोहगाव तर हवाई दलाचं, ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी ते दोन आठवडे पूर्ण बंद होतं. दिवाळीच्या तोंडावर! आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा पडला. अमेरिकेला न थांबता जाणारी काही विमानं मध्ये इंधनासाठी उतरायला लागली. हे कोणाच्याच हातात नव्हतं. पण कारण कुणाचंही असो, तुमचं कनेक्शन हुकायचं ते हुकतंच.

तर ई-मेल आली. ती वाचायची कशी? जुनं तिकीट शेजारी घेऊन बसायचं. फोनवर नाही, कागदावर. दळणाच्या यादीसारखं एकेक टिपायचं. पहिल्यांदा तारीख. मग विमानतळ आणि टर्मिनल. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत, वास्कोजवळचं दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून पेडण्यातलं मोपा. काणकोणला जायचं असेल आणि कंपनीने दाबोळीचं विमान मोपाला हलवलं, तर वेळ तीच राहूनही तुमचा अख्खा गोवा उभा पार करायचा राहिला. मुंबईचंही आता तेच, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई सुरू झालं. डोंबिवलीकरांना ते सोयीचं पडेल कदाचित, पण चुकीच्या विमानतळावर जाऊन उभं राहणाऱ्याला कसली आलीय सोय.

मग कनेक्शन. मधल्या विमानतळावर किती वेळ उरला? कंपनीचा संगणक नियमाप्रमाणे किमान जो वेळ लागतो तेवढा ठेवतो आणि समाधानी होतो. त्या संगणकाचे गुडघे दुखत नाहीत. व्हीलचेअर मागितली असेल तर ती यायला वेळ, सुरक्षा तपासणीला वेळ, आणि स्वच्छतागृह. सव्वा तासाचं कनेक्शन कागदावर बरोबर असतं, पण सत्तरीच्या माणसाला मी ते घेऊ देत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती ई-मेल म्हणजे हुकूम नाही. तो प्रस्ताव आहे. कंपनीने तुमच्याशी ठरलेली वेळ मोडली, तर ‘हे मला चालत नाही’ म्हणायची सोय तुम्हाला असते. ‘ॲक्सेप्ट’ दाबलंत की ती सोय बहुतेक वेळा तुमच्या हातून जाते. एरवी तारीख बदलायला हजारो रुपये मोजावे लागतात. बदल कंपनीकडून आला आणि तो लक्षणीय असला, की बहुतेक कंपन्या एकदा फुकटात दुसरं विमान देतात. आमच्या भाषेत त्याला ‘इनव्हॉलंटरी’ म्हणतात, म्हणजे प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध झालेला बदल. फोनवर हा शब्द वापरून बघा, समोरचा जरा सरसावून बसतो.

आणि भांडायला फोन करू नका. फोन करायच्या आधी त्याच कंपनीची त्या दिवसाची, आदल्या-नंतरच्या दिवसाची विमानं बघून ठेवा. ‘माझं काय ते बघा’ म्हणालात तर तो त्याला सोपं ते देईल. ‘मला अमुक नंबरचं, १३ तारखेचं द्या, त्यात जागा दिसतेय’ म्हणालात तर पाच मिनिटांत काम होतं. बाईसाहेब, भाजीवाल्याकडे आपण ‘कुठलीही द्या’ म्हणतो का?

नियमांचं थोडक्यात सांगते. आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाप्रमाणे विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवता. वेळेत कळवलंच नाही तर भरपाईही आहे, प्रवासाच्या लांबीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. धुकं, संप, युद्ध अशी कारणं असली तर ती मिळत नाही. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तरी परतावा मागता येतो. आणि परताव्याऐवजी कंपनीकडेच पैसे ‘जमा’ ठेवायचे की नाही, हे ठरवणं प्रवाशाच्या मर्जीवर आहे. कुपन गळ्यात मारलं तर नको म्हणा. दाद लागली नाही तर तक्रारीसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे.

अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना २०२४ पासून स्पष्ट नियम लागू आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात सुटायची वेळ सहा तास किंवा त्याहून जास्त अलीकडे आली किंवा पोचायची तितकीच पुढे गेली, थांबे वाढले, विमानतळ बदलला, तर बदल न स्वीकारणाऱ्याला पैसे परत, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी. न स्वीकारणाऱ्याला, हे लक्षात ठेवा. युरोपातून सुटणाऱ्या विमानांना १४ दिवसांचा नियम आहे. विमान रद्द झाल्याचं त्याहून उशिरा कळवलं तर अंतरानुसार ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे, डिसेंबर २०२१ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की विमान तासापेक्षा जास्त अलीकडे आणलं तर ते रद्द केल्यासारखंच धरायचं. आमच्या काकांचं विमान पाऊणच तास अलीकडे आलं होतं, आणि युरोपातूनही सुटत नव्हतं. नशीब म्हणतात ते हेच.

समजा तुम्हाला हवं ते विमान मिळालं. काम संपलं? नाही. तुमच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक तो सहा अक्षरांचा पीएनआर आणि दुसरा तेरा आकडी तिकीट नंबर. पीएनआर म्हणजे जागा, तिकीट म्हणजे पैसे भरल्याची पावती. फोनवरचा माणूस पीएनआरमध्ये नवीन विमान टाकतो आणि कधी कधी तिकीट नव्याने काढायला विसरतो. ॲपवर सगळं हिरवं दिसतं. काउंटरवर गेल्यावर मुलगी तोंड वाकडं करून म्हणते, ‘तिकीट जुळत नाहीये.’ मागे रांग, हातात पासपोर्ट, आणि ती कुठेतरी फोन लावून बसलेली. म्हणून फोन ठेवायच्या आधी विचारायचं, ‘तिकीट रीइश्यू झालं का? नंबर सांगा.’ आणि व्हीलचेअर, जैन जेवण, पैसे देऊन घेतलेली पुढची सीट, हे नव्या विमानावर आपोआप जाईल असं समजू नका. मी प्रत्येक वेळी पुन्हा बघते. तिनातल्या एका वेळी काहीतरी गळालेलं असतं, हा माझ्या दुकानातला अनुभव.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे दोन वेगळी तिकिटं. नागपूरचं एक कुटुंब, नागपूर-मुंबई एका कंपनीचं, मुंबई-दुबई दुसऱ्या कंपनीचं, चार हजार वाचले म्हणून. नागपूरचं सकाळचं विमान संध्याकाळवर गेलं. पहिली कंपनी म्हणाली, परतावा घ्या. दुसरी म्हणाली, आमचं विमान वेळेवर आहे, तुम्ही आला नाहीत तर पैसे बुडाले. दोघीही आपापल्या जागी बरोबर! आम्ही शेवटी पहिल्या कंपनीकडून आदल्या संध्याकाळचं विमान फुकटात मागून घेतलं आणि ते पाच जण पार्ल्याला मावशीकडे गाद्या टाकून झोपले. पार्ल्यात मावशी नसेल त्यांनी हा प्रयोग करू नये.

(प्रश्न: तिकीट वेबसाइटवरून काढलं तर?) तर ई-मेल वेबसाइटला जाते, तुम्हाला येईलच असं नाही. माझ्यासारखे एजंटही पूर्वी स्वतःचाच नंबर टाकायचे, मीसुद्धा टाकलाय, खोटं कशाला बोलू. तुमचाच मोबाइल, तुमचीच ई-मेल टाकायचा आग्रह धरा. संपर्क नीट दिला नसेल तर ती डीजीसीएची भरपाईही मागता येत नाही. तिकीट काढल्यावर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर घालून बघायचं, मग एक महिना आधी, आणि तीन दिवस आधी. मुलगा अमेरिकेतून बघतो म्हणाला तरी तुम्ही बघा. तो तिथली तारीख बघतो.

(प्रश्न, मागच्या रांगेतल्या आजींचा: त्या लाडवांचं काय झालं?)

हां, ते राहिलंच. न आल्यामुळे कंपनीने पुढचं सगळं तिकीट रद्द केलं होतं, परतीचंसुद्धा. दोन दिवस मी कंपनीच्या मागे लागून परतीचं वाचवलं, जायचं नवीन काढावं लागलं, पैसे गेलेच. अठराला ते निघाले. लाडू पोचले. बाळ त्यांच्या एक दिवस आधी पोचलं होतं.