चढणीच्या माशांची हजेरी

(दृश्य: अंधारी खोली. जाड काचेपलीकडे हिरवट, उजळलेलं पाणी. बटणाची टकटक.)

काचेपलीकडे एक सावली आली. क्षणभर थबकली, शेपटीचा फटका मारला आणि गेली. अलीकडे बसलेल्या माणसाने तेवढ्यात तीन गोष्टी हेरल्या. जात कुठली? पुरता वाढलेला मासा, की वेळेआधीच परतलेला छोटा नर? आणि पाठीवर, शेपटीजवळचा तो इवलासा पर शाबूत आहे की छाटलेला? छाटलेला असेल तर मासा बहुधा हॅचरीत, म्हणजे माशांच्या उबवणी केंद्रात, जन्मलेला. बोट बटणावर पडलं. हजेरी लागली.

(दृश्य: धरण, आकाशातून.)

ही अमेरिकेतली कोलंबिया नदी. एका काठाला ओरेगन, दुसऱ्या काठाला वॉशिंग्टन राज्य. समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटर आत बोनव्हिल धरण आहे, आणि १९३८ पासून इथे वर चढणारे मासे मोजले जातात.

आपल्याकडे कोकणात पहिल्या पावसाला ओढ्यातून उलटे वर येतात ते चढणीचे मासे. इथे मोजल्या जाणाऱ्या सॅमन माशाची तऱ्हा तीच, फक्त त्याची चढण शेकडो किलोमीटरची. जन्म गोड्या पाण्यात, वाढ समुद्रात, आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या झऱ्याकडे. या वाटेवर तो खाणं सोडतो. अंगातली चरबी हीच शिदोरी.

(दृश्य: जिन्याच्या पायऱ्यांवरून उसळणारं पाणी.)

धरणाच्या भिंतीला बगल देऊन जाणारा हा पाण्याचा जिना. एका कुंडातून वरच्या कुंडात, असं करत मासा वर पोहोचतो. वाटेत एका ठिकाणी प्रवाह मुद्दाम अरुंद करून काचेजवळून नेला आहे. चिनूक, कोहो, सॉकाय या सॅमनच्या जाती, त्यांचा भाऊबंद स्टीलहेड, सगळ्यांना अशाच खिडकीसमोरून जावं लागतं. शॅडसुद्धा इथूनच जातो. तो आपल्या हिलशाच्या गोतातला, पण या नदीत पाहुणा: एकोणिसाव्या शतकात माणसाने पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला आणून सोडलेला. आता काही वर्षी त्याची संख्या लाखांची हद्द ओलांडून कोटीच्या दिशेने जाते. पाहुण्याने घर बळकावावं, तसं.

आता एक अवघड गोष्ट. धरणं नव्हती तेव्हा या नदीत दरवर्षी किती सॅमन परतत? एक कोटी ते एक कोटी साठ लाख, असा अंदाज नेहमी दिला जातो. पण तो अंदाजच. मोकळ्या नदीत मासे मोजायचे कुठे उभं राहून? नदीला दार बसवलं, म्हणून दारावर पहारेकरी बसवता आला. आज हातात असलेली ही दिवसागणिक नोंद आपल्याला धरणानेच दिली आहे. वर, त्याच नदीवर, ग्रँड कूली नावाचं आणखी मोठं धरण आहे. तिथे जिनाच नाही. त्यामुळे खिडकीचीही गरज पडली नाही.

(दृश्य: डोंगरांमधलं शांत सरोवर.)

याच नदीच्या खोऱ्यात, आयडाहो राज्यातलं रेडफिश लेक. नाव पडलं ते लालबुंद होऊन परतणाऱ्या सॉकाय माशांवरून. समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर, वाटेत आठ धरणं. १९९२ साली इथे एकच सॉकाय पोहोचला. नर. लोकांनी त्याला 'लोनसम लॅरी' म्हटलं, म्हणजे एकलकोंडा लॅरी. त्याचं वीर्य गोठवून ठेवलं आणि पुढच्या प्रजननासाठी वापरलं.

(दृश्य: तळहातावर काचेची बारीक नळी.)

खिडकीतून दिसतो तो मासा. तो पुढे पोहोचला का, हे खिडकी सांगत नाही. काही मासे तर धरणाच्या सांडव्यातून खाली घसरतात, पुन्हा चढतात आणि दोनदा मोजले जातात. म्हणून ही नळी. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, आत बॅटरी नाही. पिल्लाच्या पोटात सुईने टोचून ठेवायची. वर्षांनंतर तो मासा जिन्यातल्या अँटेनाजवळून गेला की नळीतला क्रमांक वाचला जातो. मग हाच मासा वरच्या धरणावर दिसला का, हे ताडून पाहता येतं.

२०१५ च्या उन्हाळ्यात याचं महत्त्व कळलं. बोनव्हिलच्या खिडकीपुढून पाच लाखांवर सॉकाय गेले. आकडा बघून कुणीही म्हणावं, वर्ष झकास. पण नदीचं पाणी २० अंशांच्या वर, थंड पाण्यातल्या या माशाला सोसेना इतकं, तापलं होतं. वरच्या अँटेनांवर क्रमांक उमटेनासे झाले. स्नेक या उपनदीकडे निघालेल्या सॉकायपैकी शेवटपर्यंत टिकले ते शेकडा एकच्या आसपास.

हे आकडे कपाटात पडून राहत नाहीत. हंगामात किती मासेमारी करू द्यायची, हे त्यांवर ठरतं. १८५५ च्या करारांनी मासेमारीचा हक्क राखून ठेवलेल्या याकामा, नेझ पर्स, उमाटिला आणि वॉर्म स्प्रिंग्स या मूळनिवासी जमातींचा वाटाही.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. खुर्ची रिकामी.)

मोजणारा तासातली पन्नास मिनिटं काचेवर नजर ठेवतो. दहा मिनिटं विश्रांती. त्या वेळात गेलेल्या माशांसाठी पन्नास मिनिटांच्या आकड्याला नंतर सव्वाच्या जरा खाली, एक पूर्णांक दोन दशांशाने गुणतात.

काचेपलीकडून आत्ताच एक सावली गेली.