फोनच्या स्क्रीनवर उमटलेली सावली

नमस्कार मंडळी. आज बोलूया फोनच्या स्क्रीनवर कायमची उमटून बसणारी सावली, म्हणजे बर्न-इन, याबद्दल. कीबोर्डच्या जागी पुसट चौकोन दिसतात, वरती बॅटरी आणि नेटवर्कची खूण दिसते, आणि ॲप बंद केलं तरी ते जात नाही, तेच ते.

हे मुख्यतः ओलेड किंवा अमोलेड स्क्रीनवर होतं. एलसीडी या दुसऱ्या प्रकारच्या स्क्रीनमध्ये मागे दिवा असतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि उजळता उजळता झिजतो, निळा सगळ्यात आधी. रोज पाय पडून पायरी मधेच झिजावी, तसं एकच चित्र एकाच जागी राहिलं की तेवढे ठिपके बाकीच्यांपेक्षा आधी मंद होतात. म्हणजे स्क्रीन जळत नाही, झिजते. हे लक्षात ठेवा, झिजते.

आता माझ्या मामांची गोष्ट सांगतो. त्यांनी नवा फोन घेतला आणि जुना, चांगला अमोलेड स्क्रीनचा, टाकवेना म्हणून त्याचं टेबलावरचं घड्याळ केलं. चार्जर कायमचा लावलेला, स्क्रीन कधी बंद होणार नाही अशी सेटिंग, ब्राइटनेस फुल्ल कारण लांबून दिसायला हवं, आणि काळ्या पडद्यावर पांढरे मोठे आकडे. बरेच महिने ते घड्याळ छान चाललं. मग नव्या फोनची काच फुटली आणि मामा परत जुन्यावर आले, तर वाचायला काहीही उघडलं की मधोमध पिवळट सावली. त्यांना वाटलं व्हायरस. त्यांनी स्क्रीनशॉट काढून मला पाठवला. मी बघतोय तर स्क्रीनशॉट एकदम स्वच्छ! मी म्हटलं मामा, काहीच नाहीये. ते म्हणाले अरे मला समोर दिसतंय. परत पाठवला, परत स्वच्छ. घरातले सगळे त्यांनाच म्हणायला लागले की डोळे तपासून घ्या, आणि मला याचा खरंच राग येतो, वयस्कर माणूस फोनबद्दल काही सांगायला लागला की ऐकायच्या आधीच आपण त्याला कळत नाही असं धरून चालतो.

मामांनी फोन रीसेट केला तरी सावली तिथेच. शेवटी मी म्हटलं, मामींच्या फोनने तुमच्या फोनचा फोटो काढून पाठवा. तो आला आणि सगळं दिसलं. तासाचे-मिनिटांचे आकडे बदलत असतात म्हणून ते एकावर एक बसून इंग्रजी आठसारखा धुरकट आकार झाला होता, पण मधले दोन टिंब कधी हललेच नाहीत, ते अगदी ठसठशीत, आणि शेजारी अलार्मची छोटी खूणसुद्धा! स्क्रीनशॉटमध्ये का नाही आलं, तर स्क्रीनशॉट म्हणजे फोनने पडद्याकडे पाठवलेलं चित्र, पडद्याची झीज त्यात येतच नाही. मामांचे डोळे ठणठणीत होते. मामींनी तर सगळ्यांना फोन करून ते सांगितलं.

ऑलवेज-ऑन डिस्प्ले, म्हणजे फोन लॉक असतानाही घड्याळ दाखवत राहणारी स्क्रीन, तिच्यावरचं घड्याळ म्हणूनच थोडं थोडं जागा बदलत राहतं. २०१७ मध्ये गुगलच्या पिक्सेल २ एक्सएल या फोनच्या स्क्रीनबद्दल अशाच तक्रारी आल्या, तेव्हा गुगलने वॉरंटी दोन वर्षांची केली आणि खालची बटणं थोड्या वेळाने मंद होतील असा अपडेट दिला.

मग आपण काय करायचं? ब्राइटनेस ऑटोवर ठेवा आणि स्क्रीन टाइमआउट तीस सेकंद. परत सांगतो, ब्राइटनेस ऑटो, टाइमआउट तीस सेकंद, निम्मं काम इथेच झालं. खालची तीन बटणं काढून जेश्चर, म्हणजे बोट सरकवून फोन चालवायची सोय, लावा, डार्क मोड लावा कारण काळा ठिपका बंद असतो, बंद ठिपका झिजत नाही. गाडीत नकाशा तासन्‌तास चालू असतो, तोही भर उन्हात फुल्ल ब्राइटनेसवर, आणि गरम झालेली स्क्रीन आणखी लवकर झिजते, तेव्हा सरळ रस्ता असेल तर स्क्रीन बंद करा, आवाजावर चालतं की.

सावली अगदी हलकी असेल तर फोन काही तास बंद ठेवून बघा, कधी कधी ती तात्पुरती असते आणि जाते. पण खरं बर्न-इन जात नाही. ते घालवून देतो म्हणणारी रंग चमकवणारी ॲप्स असतात, ती फार तर उरलेले ठिपकेही झिजवून फरक कमी दाखवतात, माझं स्पष्ट मत आहे, त्यांच्या नादी लागू नका. स्क्रीन बदलणं हाच उपाय.

आणि जुना फोन विकत घेताना पैसे द्यायच्या आधी एक राखाडी रंगाचं कोरं चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडा, ब्राइटनेस वर-खाली करून वरची पट्टी आणि कीबोर्डची जागा नीट बघा, आणि हो, विकणाऱ्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, फोन हातात घेऊनच बघा.