जंटलमन म्हणजे नेमका कोण?

साधारण १९५० साल, लंडनचं लॉर्ड्स मैदान. लाऊडस्पीकरवरून अनाउन्समेंट होते की स्कोअरकार्डात चूक झालीये, एफ. जे. टिटमस असं छापलंय ते टिटमस, एफ. जे. असं वाचावं.

बस्स, एवढंच! फ्रेड टिटमस पडला पगारी खेळाडू, आणि इनिशियल्स आडनावाच्या आधी यायचा मान फक्त जंटलमन मंडळींचा, म्हणजे जे पैसे न घेता खेळायचे त्यांचा. ड्रेसिंग रूम वेगळी, मैदानात यायचं गेटसुद्धा वेगळं.

आपण क्रिकेटला जंटलमन्स गेम म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर येतो अंपायरने बोट वर करायच्या आधीच निघालेला बॅट्समन. पण मुळात हा शब्द वागण्याचा नव्हताच, पायरीचा होता. १४१३ मध्ये इंग्लंडात कायदा झाला की कोर्टाच्या कागदात माणसाचा दर्जा किंवा धंदा लिहायचा, आणि तिथून जंटलमन हे नावाला चिकटणारं लेबल बनलं. ज्याला हाताने राबून पोट भरावं लागत नाही तो जंटलमन, स्वभावाने कसा का असेना. शेक्सपियरचे वडील हातमोजे शिवणारे, १५९६ मध्ये त्यांना घराण्याचं चिन्ह मंजूर झालं आणि घरदार कागदोपत्री जंटलमन झालं.

आणि वागणं म्हणाल तर गंमतच आहे. जुगारातली उधारी म्हणजे इज्जतीचा सवाल, ती लगेच चुकती करायची, पण ज्या शिंप्याने अंगावरचा कोट शिवला त्याचं बिल वर्षभर पडून राहिलं तरी कुणाला लाज नाही. अपमान झाला की पहाटे पिस्तूल घेऊन हजर, पण फक्त बरोबरीच्या माणसासमोर, नोकराशी कोण द्वंद्व खेळणार!

एकोणिसाव्या शतकात व्यापारी, डॉक्टर, इंजिनियर यांच्या हातात पैसा आला, त्यांची मुलं मोठ्या बोर्डिंग शाळांत गेली, घराणं तर काही विकत मिळत नव्हतं मग वागण्यावर भर आला, शब्द पाळणं, दुसऱ्याला न दुखावणं वगैरे. तरी जुनी खोड काही जाईना. त्या काळचा नामांकित क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस कागदावर हौशी, म्हणजे जंटलमन, पण 'खर्च' म्हणून त्याने पगारी खेळाडूंपेक्षा कितीतरी जास्त कमावले.

१९६२ च्या शेवटी इंग्लिश क्रिकेटने हा भेदच मोडीत काढला. टिटमस तोवर खेळतच होता, १९६५ मध्ये तो मिडलसेक्स या काउंटी संघाचा कॅप्टन झाला.